शेणावरच्या सात्या

एक्याऐंशीच्या श्रावणात, भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या औषधाच्या रांगेत माझ्यापुढे अड्याळचे नवराबायको उभे होते. सात्या, म्हणजे अळंबी, खाऊन नवऱ्याचं डोकं फिरलं होतं. आता तो बरा होता.

“डॉक्टरनं काय सांगितलं, आयकलं ना?” बायकोनं विचारलं.

“आयकलं. पण भिंत श्वास घेऊन राहिली होती वो. मी डोळ्यानं पाह्यली.”

“डोळा नुसती खबर देते. ओळखते मेंदू. शेणावरच्या सात्याईतलं जहर मेंदूत गेलं का ओळखच बिघडते. सहा घंट्यात उतरते म्हणे. उतरलं का नाही?”

“उतरलं.”

“मंग शेजारच्या गोदावरीबाईनं करणी केली म्हणून गावभर काहून बोंबलले?”

“ते दारातून माह्याकडे पाहून राहिली होती.”

“तुमी तिच्या बकरीच्या पाया पडून रडून राहिले होते. पाहीन नाही त काय करीन?”

“लोकं आता तिले विहिरीवर येऊ देत नाही.”

“म्हणूनच आयका. गावात गेल्यावर पयले विहिरीवर जायचं. सगळ्याईसमोर म्हणायचं, मी चुकीच्या सात्या खाल्ल्या, त्या बाईचा काही दोष नाही.”

“लोकं हासतीन.”

“हासू द्या. तिले पाणी त भेटीन.”

खिडकीतून हाक आली. नवऱ्यानं चिठ्ठी दिली, गोळ्या घेतल्या.

“बोलतो मी. अन् तिचा पाण्याचा गुंडही मीच भरून देतो.”

“नुसता भरून नाही. डोक्यावर घ्या अन् तिच्या घरापर्यंत न्या. लोकाईले हासायचंच हाय, त त्याच्यावर हासू द्या.”