‘घरी परत’चा रकाना आणि आमच्या ताई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्य अभियंता साहेब, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती आमच्या ताई, त्यांचे यजमान, आणि चहा येईपर्यंत धीर धरून बसलेले माझे सर्व सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी वाहनं मोजत वर आलेला माणूस. पाच म्हणजे पाच. कॉलेजची पायरी चढलो नाही. अकरा वर्षं चौकात पत्र्याच्या खुर्चीवर बसून गाड्या मोजल्या, संख्याशास्त्र जेवणाच्या सुट्टीत स्वतःच शिकलो, आणि पुढे शहराच्या प्रवास-पाहणीचा फॉर्म मीच तयार केला. त्याची नियमपुस्तिका बेचाळीस पानांची. तिच्यात एक चूक काढून दाखवा, असं मी पैजेवर सांगत असे. असो.

ते फॉर्म संगणकात भरण्याचं काम ताईंचं. एकोणतीस वर्षं त्यांनी ते केलं.

मागच्या पाहणीत अकराशे घरांनी आठवडाभर रोज लिहून दिलं होतं: कुठे गेलो, कशाने गेलो, कशासाठी गेलो. माझा सातवा नियम, एका फेरीला एकच कारण. नोकरी, शाळा, खरेदी; आणि परतीच्या वाटेला ‘घरी परत’. एके दिवशी ताई फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“साहेब, हा माणूस गाडी काढून दुकानात गेला, तांदूळ घेतले. मग घरी आला, तो कशासाठी?”

“घरी परत. नियम सात.”

“पण दुकानात गेलाच नसता, तर परत कुठून आला असता?”

मी म्हणालो, “ताई, तुम्ही भरायचं काम करा. विचार करायला मी बसलोय ना इथे.”

हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं आहे. त्यात काना-मात्रेचाही फरक नाही.

ताई गेल्या. नियमाप्रमाणेच भरलं त्यांनी सगळं. फक्त अशा प्रत्येक फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं: ‘ही परत खरेदीचीच.’ कामावरून येताना कुणी वाट वाकडी करून औषधं घेतली असतील, तर तेही.

माझा अहवाल गेला. शहरातल्या प्रवासातून जो कार्बन हवेत जातो, त्यात खरेदीच्या फेऱ्यांचा वाटा आठ टक्के. बाजार हलवू पाहणारी समिती म्हणाली, आठच ना? मग अंतर थोडं वाढलं तर काय बिघडतं? आणि वस्तीतला बाजार सात किलोमीटरवर, बाहेरच्या रस्त्याला गेला. चालत जाणारे लोक गाड्या काढू लागले. मीही त्यांतलाच. कपाटाच्या बिजागरीचे चार स्क्रू आणायला मी चौदा किलोमीटर गाडी हाकली. घरी आल्यावर बायको म्हणाली, “स्क्रूंना खिडकीशी बसवलंत ना? उन्हात नाही ना आले बिचारे?”

त्या टोमण्याने मी दुसऱ्या दिवशी जुन्या फॉर्मचे गठ्ठे सोडले. पेन्सिलीची अक्षरं दिसली. त्या परतीच्या फेऱ्या खरेदीत धरून पुन्हा मोजलं, तेव्हा आठाचे सतरा झाले.

सुधारित अहवाल माझ्या नावाने सादर झाला. मुख्य अभियंता साहेबांनी भर बैठकीत पाठ थोपटली, प्रशस्तिपत्र दिलं. ते माझ्या खोलीत भिंतीवर आहे. ताईंनीही अभिनंदन केलं. पेन्सिलीच्या अक्षरांचा उल्लेख मी कुठेच केला नाही. दीड वर्ष आम्ही एकाच जिन्याने वर-खाली करतो आहोत.

बाजार काही अजून परत आलेला नाही. ताईंकडे गाडी नाही, दोन बस बदलून जातात. मघाशी यजमान मला म्हणाले, “काय हो, तुमच्या फॉर्मात आमच्या हिच्या पिशव्यांना रकाना आहे का?” नाही. तोही राहिलाच.

अध्यक्ष महोदय, आता जरा स्पष्ट बोलतो. पुढच्या महिन्यात तो अहवाल छापून निघेल. लेखक म्हणून फक्त सेवेत असलेल्याचंच नाव घालता येतं. हा नियम माझा नाही. साडेपाचला ताई सेवेत नसतील. त्यांचं नाव पहिलं, माझं दुसरं, असं पत्र मी सोमवारी आपल्याकडे सहीसाठी दिलं. आपल्या डाव्या हाताच्या फायलीत ते वरून दुसरं आहे. आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ताईंना द्यायचं भिंतीवरचं घड्याळ चांगलंच आहे, पण ते उद्याही देता येईल.

मी थकलो आहे, साहेब. चूक आपली असताना लोकांनी बरोबर म्हणावं आणि आपण मान डोलवावी, याने माणूस फार थकतो.

संयोजकांनी बोलायला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. ताईंचं नाव मात्र कागदावर येऊ द्या. हे पेन घ्या.