माझ्याच अक्षराखाली लावली गाडी

(नाशिकच्या एका बोर्ड पेंटरनं सांगितलं तसं लिहिलं आहे. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. चूक दुसऱ्याची आणि तोंड लपवायची पाळी यांच्यावर. वाचताना हे विसरू नका.)

आधी तो मोबाईल पालथा ठेवा. रेकॉर्डिंग नाय ना चालू? बरं. तर मी नांदगाव तालुक्यातला. बाप लोकांच्या भिंतींना चुना मारायचा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा, ब्रश तिथूनच हातात आला. मग मालेगावला उस्तादाकडं अक्षर शिकलो. लय कडक माणूस. म्हणायचा, बेटा, चलती सायकल से हर्फ पढा जाना चाहिए, म्हणजे चालत्या सायकलवरून अक्षर वाचता आलं पाहिजे. मग सातपूरला आलो, कारखान्यांच्या गेटवर धोका, सावधान, हेल्मेट घाला, असलं लिहीत राहिलो, पोरीचं शिक्षण त्यातच झालं. पुढं फ्लेक्स आले आन् धंदा बसला. ते जाऊ द्या, ती वेगळीच कथा हाय.

त्याच पडत्या काळात एका ठेकेदारानं पार्किंगचे बोर्ड दिले. गल्लीत एका अंगाला सम तारखेला गाड्या लावायच्या, म्हणजे दोन, चार, सहा, आन् समोरच्या अंगाला विषम तारखेला. आता बोर्ड ठोकणारी माणसं वेगळी, त्यांची अदलाबदल व्हायची, म्हणून मी प्रत्येक बोर्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात जागा लिहून ठेवायचो. कोणी सांगितलं नव्हतं. आपली सवय.

आता ऐका. मंडळींचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना दवाखान्यात घेऊन गेलतो. तारीख सम. त्या गल्लीत एका अंगाला मेडिकल, समोर शाळा. मेडिकलच्या अंगाला बोर्ड, सम तारखेस पार्किंग, आन् अक्षर माझंच. काय सांगू तुम्हाला, बघूनच बरं वाटलं. बिनधास्त लावली मोपेड. घरी येतो तर मोबाईलवर मेसेज, चलान. मी म्हणलं हे फसवणारे असतील, शेजारच्याचं खातं असल्याच लिंकवर रिकामं झालं. पोरीनं सरकारी साइटवर पाहिलं, तर खरंच. फोटोत माझी मोपेड. म्हणाली, बाबा, भरून टाका, गाडी विकताना अडेल. म्हणलं, भरलं म्हणजे कबूल केलं, आन् मी काय कबूल करू?

चौकशीला ट्रॅफिकच्या ऑफिसात गेलो तर कागद दाखवला. मेडिकलचं अंग विषमचं. पहिल्यापासून. तिथं मात्र चलान राहिलं बाजूला, मीच उलटं लिहिलं का काय? गल्लीतला चहावाला तर म्हणाला, पेंटर, खड्डा तुम्हीच खणला न् तुम्हीच पडले! हसलो वरवर. पण एवढ्या वर्षांत माझा एक काना चुकला नाय हो.

सकाळीच स्टूल घेऊन गेलो. बोर्डाच्या मागं शिरलो, क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या, त्या नखानं खरवडल्या. खाली माझं अक्षर. शाळेकडं. आन् बोर्ड उभा मेडिकलकडं! काँक्रिटीकरणाला खांब उपटले, परत रोवताना हाताला येईल तो कुठंबी रोवला. समोरचा पाहिला, त्याच्या पाठीवर मेडिकलकडं. गल्लीतले लोक बोर्ड वाचतच नाय, जुन्या सवयीनं गाडी लावतात. फसतो तो बाहेरचा, पेशंट घेऊन आलेला, बिचारा वाचून लावणारा.

फोटो घेऊन ट्रॅफिकच्या साहेबाकडं गेलो. साहेब भला वाटला, चलान रद्द केलं, म्हणाला, झालं ना काका तुमचं काम? म्हणलं, बोर्डाचं काय? म्हणाला, ते आमच्याकडं नाय. म्हणलं, मग पाना द्या, अर्ध्या तासात मीच बदलतो. तर म्हणतो, सरकारी मालमत्ता हाय, हात लावला तर गुन्हा दाखल होईल. आता सांगा, माझंच चलान एवढं पटकन का रद्द झालं? तोंड बंद करायलाच ना? तुम्ही म्हणता, हा मुद्दाम लावलेला सापळा हाय असं छापू. तसं छापू नका. संशय मलाबी हाय, पण पाहिलं नाय. पाठीवरचं अक्षर पाहिलं, तेवढंच छापा.

आता मंडळींना घेऊन जातो तेव्हा त्या आत असतात, मी बोर्डाखाली थांबतो. परवा एक पोरगी स्कूटीवर आली, मागं बाप, पायाला प्लास्टर. म्हणलं, पोरी, आज इथं नको, समोर लाव. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. काका, ही जागा तुमची हाय का? बोर्डावर स्पष्ट लिहिलंय. म्हणलं, अगं, ते मीच लिहिलंय. ती म्हणाली, मग तर झालंच! आन् लावली तिथंच.

चहावाला पोट धरून हसला. माझ्याच अक्षरापुढं माझं चालंना. उस्ताद असता तर खूश झाला असता. जाऊ द्या. तिच्या बापाचा पाय लवकर बरा होवो.