जुना राऊटर बघून घेताना

माझं माहेर कोपरगावचं, गोदावरीच्या काठचं, आन दिलं हितं श्रीगोंद्याकडं वस्तीवर, हितंबी उसातच. मालक आधी टीव्हीच्या केबलचं बघायचे, मग म्हनले आता लोकांना नेट पाहिजे, तर नेट सुरू केलं. काय सांगू ताई तुमाला, खांबावर ते चढायचे आन फोन मी घ्यायची, वहिनी नेट गेलं, वहिनी नेट गेलं, दिवसभर तेच.

मोठा राऊटर, म्हंजे ज्यातनं सगळ्या वस्त्यांवर नेट जातं, तो नवा आमच्यासारख्याला परवडतोय व्हय? कंपन्या जुने काढून टाकत्यात ते नगरला एका दुकानात येत्यात, तिथनं मालक आनायचे. पन घ्यायची तऱ्हा लई न्यारी. आधी स्क्रू बघायचे, कुनी खोललाय का, मग जाळीला नाक लावायचे, जळका वास येतोय का, मग चालू करून वर गोनपाट टाकायचे आन तिथंच बसून ऱ्हायचे. दुकानदार म्हनायचा भाऊ मरंल की ते, तर हे म्हनायचे मरायचा तर हितंच मरू दे, आमच्या पत्र्याच्या खोलीत यापरीस गरम हुतं. पार वचकून असायचा तो त्यांना.

आन तेच गेले वो. छातीत कळ आली, दवाखान्यात न्हेईस्तवर संपलं सगळं. पोरगी म्हनली आई बंद कर आता, पन मला दुसरं काय येतं? सेटिंग त्यांच्याकडं बघून शिकल्ते, आन फोन तर येतच हुते.

उन्हाळ्यात मोठा राऊटर बंद पडला. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं गेलं की परत येत न्हाई, म्हनून एकटीच गेले नगरला. दुकानदारानं इचारलं भाऊ न्हाई आले? आन माझ्या तोंडातनं निघून गेलं, घरी हायत, कंबर धरलीय, तुमी द्या, ते बघतील गोनपाट टाकून. बाईमानूस एकटी, काईबी गळ्यात मारलं असतं. तसा त्यानं हातातला खाली ठेवला, आतनं दुसरा आनला, म्हनला ह्यो न्या, न्हाईतर भाऊ माझा जीव खातील.

तो अजून चालतोय, भलं हुवो त्या दुकानदाराचं. घरोघरचे बारके राऊटरबी तिथनंच आनते, आन दर येळी तेच सांगते. खोटं हाय, कळतंय मला. पन गावात समदी ते हुते म्हनत्यात, तिथं दुकानात तेवढं ते हायत म्हनत्यात. परवा निघताना म्हनला, भाऊंना नमस्कार सांगा. सांगते म्हनलं. घरी आले, पिशवी ठेवली, आन सांगितला बी, मोठ्यानं.