ओसाकातला रिकामा ग्लास

जपानचं काही विचारूच नका! ओसाकात बायकोला घेऊन संध्याकाळच्या खाण्यापिण्याच्या टूरला गेलो. सोबत गाईड. पहिल्याच बारमध्ये शेजारच्या आजोबांनी माझ्या ग्लासात साके ओतली. आपण पडलो जळगावचे, वाढलेलं टाकायचं नाही. संपवली. त्यांनी लगेच पुन्हा ओतली. मीही पुन्हा संपवली. शेवटी भिंतीला टेकलो, तेव्हा गाईड म्हणाली, "नको असेल तर ग्लास भरलेलाच ठेवा. इथे रिकामा दिसला की ओततात."

टूरमधले बाकीचे दोन बार मी बायकोच्या मोबाईलमधल्या फोटोंत पाहिले.

सकाळी तिला म्हणालो, "अगं, पुढ्यातलं टाकायचं नाही, हे संस्कारच आहेत आपले!"

ती म्हणाली, "घरी गिलक्याची भाजी ताटात तशीच टाकून उठता, तेव्हा कुठं जातात हे संस्कार?"