मोकळ्या डब्याचा मान

सातारा स्टँडावर आटपाडीच्या एस्टीची वाट बघणाऱ्या निवृत्त हवालदार नाथाजीचे कान शेजारच्या बाकड्याकडं लागले होते.

"सिकंदर, जपानला परत जाशील तवा माझ्या गुंडाला सांग, मशीन शिकायचं बास झालं, माघारी ये. परक्या मुलखात पोराला कोण इचारतंय?"

"बनुमावशी, ऐक तर. तिकडं कारखान्याला जायला डोंगरातनं एका डब्याची आगगाडी हाय. एक दिस डब्यात मी आन् गुंडा, दोघंच. गार्ड आत आला, टोपी काढली आन् कमरेत वाकला."

"कुणाला रं?"

"आमाला! गुंडानं गडबडीनं उठून हात जोडलं."

"तुमी मोठं सायब वाटला असशीला."

"आमाला बी तसंच वाटलं. मग आमी उतरलो. फलाटावरनं बघतोय तर गार्ड चालत डब्याच्या टोकाला गेला, दारात वळला, टोपी काढून पुन्यांदा वाकला."

"मोकळ्या डब्याला?"

"व्हय. आमी बघतोय ह्ये त्याला ठावं बी न्हवतं."

जन्मभर सलाम ठोकलेल्या नाथाजीच्या हातातली बिडी तशीच विझली. बनुबाई सिकंदरकडं वळली.

"सिकंदर, गुंडाला सांग, नीट शिकून ये म्हणावं. घाई न्हाई."