कुंडीतली चिलटं

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या. शिंपीकाका कान देऊन ऐकू लागले. बायको गेल्यापासून तिच्या कुंड्यांवर चिलटं घोंगावत होती, आणि त्या उद्या टाकूनच द्यायच्या असं त्यांनी ठरवलं होतं.

“वहिनी, चिलटांनी नुसता वैताग आणलाय. चहात पडतात मेली!”

“कुंड्यांना पाणी कधी घालतेस?”

“रोज. सकाळ-संध्याकाळ.”

“अगं, झाडं आहेत का म्हशी?”

“मायेनं घालते हो.”

“मायेनंच बुडवलीस की! ओल्या मातीत चिलटं अंडी घालतात. बोट खुपसून बघ. दोन पेरं कोरडी लागेपर्यंत थेंबही घालू नकोस.”

“आणि झाड मेलं म्हणजे?”

“इतक्यात नाही मरत.”

“उडणाऱ्यांचं काय करू?”

“पिवळ्या पुठ्ठ्याला तेल फासून कुंडीत खोच. चिकटतात.”

“मी तर कुंड्या फेकणारच होते.”

“वा! झाडांचं काय चुकलंय?”

काकांचा नंबर पुकारला. ते उठले, पण आधी बाकाकडे वळले.

“ताई, ओळखपाळख नाही, पण तुमचे फार उपकार झाले.”

“अहो, कसले?”

“मीही दोन वेळा घालत होतो.”