एकशे विसाव्या ओळीपर्यंतची रेघ

मी, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी, दगडखाणीच्या मोजणी कार्यालयात आलेख काढणे, राहणार खाणीची वसाहत, खोली नंबर १४. खाणीवर सगळे मला रेघताई म्हणतात. आज गुरुवारी दुपारी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी अकरा वर्षे नोकरीस आहे. खाणीच्या वरच्या कड्याला एक फट आहे. फटीच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत पितळी खिळे ठोकले आहेत. त्यांच्यातले अंतर माझा धाकटा भाऊ रोज सकाळी साडेसातला मोजतो आणि आकडा मला फोनवर सांगतो. मी तो कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरते. उन्हाने माप थोडे जास्त येते, तेवढे प्रोग्रॅम वजा करतो आणि मग रेघ काढतो. त्यामुळे नुसत्या आकड्याला कोणी घाबरत नाही, मीसुद्धा नाही. दर सोमवारी आलेख छापून फाटकाजवळच्या बोर्डावर लागतो. त्यात बारा मिलिमीटरवर लाल रेघ आहे. आमची रेघ तिला टेकली की काम बंद, असा नियम आहे.

चोवीस दिवसांपूर्वी, सोमवारी, तक्त्यात १२० ओळी भरल्या होत्या. पुढच्या रिकाम्या ओळी प्रोग्रॅम शून्य धरत होता, म्हणून रेघेला खाली लोंबणारे शेपूट आले होते. मोजणी साहेबांना मीटिंगला जायचे होते. ते शेपूट काढा म्हणाले. मी प्रोग्रॅमला १२० ओळींपर्यंतच रेघ काढायला सांगितले आणि फाईल सेव्ह केली. ही मर्यादा नंतर वाढवायची असते हे मला माहीत होते. ते राहून गेले.

फाईल जशी सेव्ह करावी तशीच पुन्हा उघडते. मी रोज ती उघडली, नवा आकडा भरला, सेव्ह केली, बंद केली. आकडे तक्त्यात जात होते, रेघ १२० वरच थांबली होती. आलेखाच्या डोक्यावर ‘आजपर्यंत’ म्हणून तारीख असते, ती मी हाताने टाइप करते. तीन सोमवार मी नवी तारीख घातली. आकडे भरताना माझे लक्ष आकडा चुकू नये एवढ्यावरच असते. तो केवढा आहे हे मी बघितले नाही.

काल बुधवारी भावाने १२.६ सांगितले आणि विचारले, "ताई, हे सगळं उन्हाचंच ना?" मी म्हणाले, "रेघ सपाट आहे. टोपी घालत जा, तुझंच डोकं तापलंय." तो हसला. माझ्या शब्दावर त्याचा भरवसा होता.

आज सकाळी त्याने १४.१ सांगितले. खालचे खिळे हलल्यासारखे वाटतात, उतरून एकदा हात लावून बघतो, म्हणाला. मी बघ म्हणाले. आकडा भरायच्या आधी चहाचा कप बाजूला ठेवत होते, तेव्हा टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळली. मग कडा कोसळल्याचा आवाज आला. घड्याळात सात पन्नास झाले होते. आठची पाळी खाली उतरली नव्हती. खाली फक्त तो होता.

सव्वानऊला मोजणी साहेब कार्यालयात आले. त्यांनी आतून कडी लावली. बोर्डावरचा आलेख घडी घालून त्यांच्या खिशात होता. त्यांनी मला फाईल उघडून मर्यादा काढायला सांगितली. मी काढली. रेघ एकदम वर चढली आणि कालच्या ओळीवर लाल रेघेच्या पलीकडे गेली. साहेब म्हणाले, आता सेव्ह करा, छापा, काल संध्याकाळीच बोर्डावर लावला होता असे सांगू. मी फाईल बंद करायला गेले तेव्हा बदल सेव्ह करायचे का, असे कॉम्प्युटरने विचारले. साहेबांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. ते म्हणाले, "ताई, हो म्हणा. बोर्डावर दिसत असूनही तो गेला, एवढंच राहील. नाहीतर नाव तुमचं येईल."

मी ‘नाही’ दाबले. साहेब कडी काढेनात. मला भीती वाटली. बाहेरून कोणी तरी दार वाजवले, तेव्हा त्यांनी कडी काढली. मी कॉम्प्युटरचा डबा काखेत धरून चालत इथे आले.

विचारल्यावरून सांगते की, फाईल उघडल्यावर आपल्याला रेघ सपाट दिसेल. ती तशी मी ठेवली. भावाचे एकही माप चुकलेले नाही, तक्ता तपासावा. दगड उपसायचे काम चालू आहे. तो अजून मिळालेला नाही. माझा फोन मी समोर टेबलावर ठेवला आहे, तो वाजला तर मला उचलू द्यावा.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. माझ्या म्हणण्यावरून शेवटी एवढे वाढवले: ओळ १४४ भरायची राहिली आहे. आजचा आकडा १४.१. मोजणारा, माझा भाऊ.

(सही)